गुंठ्याचं गणित आणि गुरुजींची लिंक-यादी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजेच १०८९ चौरस फूट. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर विचारा, सातबारा न बघता उत्तर मिळेल. असे ४० गुंठे झाले की एकर.

आता मनात तीन अंकी संख्या धरा. पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनाचा फरक ठेवा. समजा ७५२. उलटी करा, २५७. मोठीतून धाकटी वजा करा, ४९५. हीपण उलटी करा, ५९४. दोन्हींची बेरीज? १०८९. पुन्हा गुंठाच! ८३१ घ्या, ९२४ घ्या, काहीही घ्या, शेवटी हातात गुंठाच पडतो. सहावीच्या वर्गात ही करामत आहे, आठवीच्या वर्गात ती बीजगणिताचा अख्खा तास आहे, कारण कुठल्याही तीन अंकी संख्येतून तिची उलटी संख्या वजा केली की उरते ती ९९ ची पटच, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

ही करामत इंटरनेटवर शंभर ठिकाणी सापडेल. पण तास संपायला दहा मिनिटं उरलीत, मागचा बाक चुळबुळ करतोय, अशा वेळी ती गुरुजींना सापडते का? खरी गोम इथे आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंकांचा तोटा नसतो. ‘खूप उपयुक्त, सर्वांनी जतन करा’ असं लिहिलेली लिंक येते, तिच्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि संध्याकाळपर्यंत ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

गणिताचा मास्तर ग्रंथपाल झाला तेव्हा

वेबची सुरुवातच मुळी विज्ञानाची माहिती नीट लावण्यासाठी झाली. टिम बर्नर्स-ली या संगणकतज्ज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिली वेबसाइट उभी केली, ती जगासमोर आली १९९१ साली. कुठल्या शास्त्रज्ञाचं काम कुठे ठेवलंय हे दुसऱ्याला सापडावं, एवढाच हेतू. लगेच दुसरं काम त्याने काय केलं असेल, तर इतर वेबसाइटींची विषयवार यादी करायला घेतली. लिंक-यादीचा मूळपुरुष तोच.

पण यादी कशी लावावी हे आपल्याकडच्या माणसाने त्याच्या साठ वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. एस. आर. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि १९३३ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धत आणली. त्यांचा चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. शिक्षकाच्या यादीला खरं तर हा एक नियम पुरे.

माझं म्हणणं असं, की ‘गणिताच्या छान वेबसाइट्स’ या मथळ्याची यादी कामाची नाही. यादी धड्याप्रमाणे लावायची. सातवी, विज्ञान, ‘स्थितिक विद्युत’ असं लिहून त्यासमोर एक लिंक. दहा नकोत, एकच. तिच्यापुढे तीन बारीक खुणा करायच्या. मराठीत आहे का? मोबाइलवर चालते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेट गेलं तर काय? बालाघाटच्या डोंगररांगेतल्या वाड्या-वस्त्यांवर, पाटोदा, धारूरकडच्या चढांवर, हा तिसरा प्रश्नच पहिला होतो.

एक कोयता बरोबर दोन माणसं

एककांचा धडा बीडमध्ये शिकवायचा तर पुस्तकाबाहेरचं एक एकक मुलांना आधीच पाठ असतं. ‘कोयता’ म्हणजे ऊसतोडीला गेलेली नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. ‘पंचवीस कोयते गेले’ म्हणजे पन्नास माणसं गेली, आणि त्यांच्यामागे किती पोरं गेली ते कोयत्यात मोजलं जात नाही.

दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात आणि उन्हाळ्यात परततात. गावात आजी-आजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृह असेल तर मुलं मागे राहतात, नाहीतर ती बैलगाडीवर बसतात. म्हणूनच बीडच्या लिंक-यादीत पहिला मान भपकेबाज अ‍ॅनिमेशनला देऊ नये. एकदा उतरवून घेतलं की कोपीतही उघडेल, असं जे असेल त्याला द्यावा.

त्यात पहिला नंबर बालभारतीचा. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवता येतात. पुस्तक गावातल्या पेटीत राहिलं आणि पोर कारखान्यावर गेलं, तरी पान ४२ बापाच्या फोनमध्ये असतं. शिवाय तिथेच ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आहेत, थेट १९७१ च्या पहिल्या वर्षापासूनचे. ऑफ तासाला याच्याइतकी हुकमी चीज नाही.

दुसरा नंबर किविक्सचा. हे सॉफ्टवेअर आख्खा विकिपीडिया एका फायलीत बांधून देतं. शाळेच्या संगणकावर एकदा चढवलं की पुढे नेटची गरज नाही. यात मराठी विकिपीडियाही मिळतो. त्याचा जन्म १ मे २००३ चा, ऐन महाराष्ट्र दिनाचा! मराठी विश्वकोशही वेबवर आहे. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभारलेलं हे काम. त्याची भाषा पाचवीच्या पोराला झेपत नाही, म्हणून यादीत त्याच्यापुढे ‘फक्त शिक्षकांसाठी’ असं लिहून टाकावं.

मिशा काढल्या तरी चालतो

पाठ्यपुस्तकातला काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तो तयार केला, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. कल्पना सुचली ती ‘गो’ नावाच्या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून.

मुलांना सांगायची गंमत वेगळीच आहे. या चौकोनात माहितीबरोबर ती दुरुस्त करण्याचं गणितही भरलेलं असतं. कोड कुठल्या पातळीचा आहे त्यावर अवलंबून ७ ते ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणजे कोडावर शाई सांडली, कुणी मधोमध मिशा काढल्या, तरी बहुतेक वेळा काम भागतं. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत. फोन त्यांच्यावरूनच कोड ओळखतो आणि तो सरळ आहे की उलटा हे ठरवतो. दोन कोड छापा, एकाच्या मधोमध छोटा ठिपका द्या, दुसऱ्याचा कोपऱ्यातला एक मोठा चौकोन झाका, आणि मुलांना स्कॅन करू द्या. वीस मिनिटं वर्ग गप्प बसतो. एरवी कोण बसतं?

पुस्तकातले हे कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठाकडे नेतात. आपल्याकडे पुस्तकात क्यूआर म्हटलं की माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले आठवणारच. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. रक्कम होती दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. अपूर्णांकाचा धडा इथेही आहे. निम्म्याचे नऊ भाग केले तर प्रत्येकाला एकूण रकमेचा एक अठरांश.

काडेपेटी आणि व्हॉल्व्ह ट्यूब

अरविंद गुप्ता टॉइज ही वेबसाइट माझ्या यादीत ठळक अक्षरांत आहे. गुप्ता १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झाले, पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले, आणि मग मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाला जाऊन भिडले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान शिकवायचं वेड तिथलंच. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घ्या. ट्यूबचे बारीक तुकडे करून त्यांत काड्या खुपसल्या की त्रिकोण, चौकोन, घन, सगळं उभं राहतं. बोटाने दाबलं की चौकोन कलंडतो, त्रिकोण हटत नाही. पत्र्याच्या शेडच्या कैच्या आणि पुलाच्या कमानी त्रिकोणांनी का भरलेल्या असतात, हे फळ्यावर एक रेघ न मारता कळतं.

त्यांच्या साइटवर खेळण्यांचे व्हिडिओ आहेत आणि हजारो पुस्तकं आहेत, कित्येक मराठीत. सगळं फुकट. पुण्याच्या आयुकात ते २००३ पासून ज्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करत होते, तिची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली. तिचं नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतला एक तारा. कोटी कुणाच्या वाट्याची आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

एक सूचना. ही साइट प्रचंड आहे, ‘अरविंद गुप्ता’ एवढं लिहून लिंक टाकली की शिक्षक आत हरवतो. त्यापेक्षा ‘सहावी, चुंबक, हा एकच व्हिडिओ’ असं थेट पान द्यावं.

नोबेलवाला आणि स्वेटरवर घासलेला फुगा

फेट नावाची साइट अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची. २००२ मध्ये ती कार्ल वीमन यांनी सुरू केली. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, आणि ते कशासाठी? बोस-आइनस्टाइन संघनित प्रत्यक्षात तयार करून दाखवल्याबद्दल. त्यातले बोस म्हणजे आपले सत्येंद्रनाथ. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेल्या गणिताला प्रयोगशाळेत उतरायला १९९५ उजाडलं.

फेटवर फुगा स्वेटरवर घासता येतो आणि ऋणभार फुग्यावर कसे सरकतात ते डोळ्यांनी दिसतं. विद्युतपरिपथ जोडता येतो, चुकला तर फ्यूज उडत नाही. साहित्याच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते अशा शाळेत याचं मोल वेगळं सांगायला नको. कित्येक प्रयोग मराठीत आहेत, बरेचसे उतरवून नेटशिवायही चालतात.

बाकीच्यांवर भराभर जाऊ. जिओजेब्रा म्हणजे भूमितीची जादूची पाटी. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून ती जन्मली. ती वापरायला शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलवर मराठी आवाजातले धडे आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची साइट ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी हवीच. खान अकादमीची मुळं २००४ मधली, सलमान खान (तो नव्हे!) आपल्या नात्यातल्या बहिणीला दूरवरून गणित शिकवत होते तेव्हाची, आणि पोरीचं अडलं होतं एककांच्या रूपांतरात. ती बीडमध्ये असती तर गुंठे आणि आर यांतच अडली असती.

मेलेल्या लिंका

२०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं अमेरिकेच्या प्यू संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजून सांगितलं. शाळांना त्याहून मोठा दणका बसला तो ३१ डिसेंबर २०२० ला. त्या दिवशी अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि विज्ञानाची असंख्य जुनी अ‍ॅनिमेशन्स पांढरी चौकट होऊन बसली. म्हणून जूनमध्ये शाळा उघडण्याआधी, हजेरीपट आखताना, यादीतली प्रत्येक लिंक एकदा दाबून बघायची. मेली असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तिचा जुना ठसा बहुतेकदा सापडतो.

याबाबतीत अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत जास्त हुशार. चारशे वर्षांपूर्वी त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं ते सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर, आकृत्यांसकट. ती पासोडी अजून वाचता येते.

भास्कराचार्य आमचेच!

लीलावती लिहिणारे भास्कराचार्य १११४ साली जन्मले आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. आपलं गाव त्यांनी विज्जडविड असं सांगितलं आहे. ते कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींनी ते बीड मानलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणची बाजू मात्र वजनदार, कारण तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा १२०७ चा शिलालेख आहे, आणि तो मठ आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठीच होता. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. बीडकरांनी दावा सोडायचं कारण नाही, पण वर्गात दोन्ही बाजू सांगाव्यात. फैजीने १५८७ मध्ये अकबरासाठी लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, तेही सांगावं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या मॅकट्यूटर साइटवर भास्कराचार्यांचं चरित्र आहे. इंग्रजी आहे, म्हणून खूण तीच, ‘फक्त शिक्षकांसाठी’.

सावली गायब, पण सुट्टीत

बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंशांच्या आसपास. रेखांशात मात्र पावणेतीन अंशांहून अधिक फरक. एक अंशाला चार मिनिटं, म्हणजे बीडला सूर्य मुंबईच्या साधारण अकरा-बारा मिनिटं आधी उगवतो. मुंबईला गेलेल्या मावशीला फोन लावून पडताळता येईल असा हा भूगोल.

या अक्षांशावर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाखाली गडप होते. बीडला हे १५ मे आणि २८ जुलैच्या आसपास घडतं, तेही घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या जवळपास. कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे. आता बीडचं नशीब बघा. मे महिन्यात ऊन रणरणतं, पण शाळेला सुट्टी. जुलैत शाळा भरते, पण आभाळ भरलेलं. भरलेलंच असावं, पाऊस नको असं बीडमध्ये कोण म्हणेल! त्या दिवसासाठी यादीत स्टेलेरियम ठेवावं. तारांगण दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर. गाव बीड निवडा, तारीख द्या, मेचा सूर्य जुलैच्या पावसातही डोक्यावर आणता येतो.

देवळालीचे मास्तर आणि बीडचा पिनकोड

यादीतली शेवटची साइट दिसायला अगदी रुक्ष, नुसते आकडे. नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ मध्ये विद्यार्थी असताना संख्यांच्या मालिका जमवायला सुरुवात केली. आज त्या संग्रहात साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. शोधखिडकीत ९, ४५, ५५, ९९, २९७ असं टाका. उत्तर येतं, कापरेकर संख्या! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत गणित शिकवायचे. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाला नाव कळलं.

त्यांचा ६१७४ तर प्रसिद्धच आहे. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा. फार तर सात वेळा, की ६१७४ हजर. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला ते साल घ्या, १९४८. ९८४१ वजा १४८९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत मोकळे.

सहा अंकांचं मात्र असं नाही. बीडचा पिनकोड ४३११२२ घ्या. पहिली वजाबाकी ३१९९७७, मग ८५९९३२, ७६२६३३, ५३२६६५, ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठवी ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पंधरावी? पुन्हा ४२०८७६. या सात संख्यांच्या फेऱ्यातून सुटका नाही.

अंबाजोगाईचा पिनकोड ४३१५१७. अंबाजोगाई वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे, पण वजाबाकी करत गेलं की पाचव्या पायरीला तीही ७४९९४३ वर येते आणि बीडच्याच वाटेला लागते. फरक एवढाच, की फेऱ्यात ती बीडच्या एक पायरी आधी पोहोचते. परळीचा आहे ४३१५१५. तो बीडच्या मागे जातो की अंबाजोगाईच्या, हा उद्याचा गृहपाठ.